वैमानिकाच्या खुर्चीत गजभिये साहेब

विंग कमांडर (निवृत्त) भास्करराव गजभिये साहेबांशी माझी पहिली ओळख एका जेवणाच्या डब्यामुळे झाली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. सोलापूरहून लखनौला येऊन मला पुरते वर्षही झाले नव्हते. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, धातूंची तपासणी करणाऱ्या विभागात मी नोकरीला होते. दुपारी कॅन्टीनमध्ये एकटीच बसले असताना हवाई दलाच्या गणवेशातले एक उंच, सावळे अधिकारी समोर येऊन बसले. त्यांनी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाले, "शिंदे मॅडम ना तुम्ही? बघा बरं जरा हे."

घरच्या जेवणाला मी महिनोन्‌महिने मुकले होते. हात धुवायला उठणार एवढ्यात त्यांनी वरचा कप्पा उघडला. आत कापसाच्या गादीवर इंजिनाचे एक मोडके पाते ठेवलेले होते.

साहेब तेव्हा लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या हवाई तळावर इंजिनांचे काम पाहत. एका इंजिनात पाते मोडले होते आणि कागदोपत्री कारण लिहून झाले होते: चील धडकली. लखनौच्या आकाशात घारी पुष्कळ, त्यामुळे कारण सगळ्यांना पटलेही होते. साहेबांना तेवढे पटले नव्हते. "पीस नाही, रक्त नाही. मग ती चील इंजिनात येऊन गेली कुठे?" त्यांनी मला विचारले. मी पाते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तुटलेल्या कडेवर जुन्या, हळूहळू वाढत गेलेल्या भेगेच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. घार निर्दोष होती. मी तसे सांगितले, तेव्हा साहेबांनी डब्याचा खालचा कप्पा माझ्याकडे सरकवला. त्यात पोळ्या आणि भरली वांगी होती. आमचा स्नेह तिथून सुरू झाला आणि खरे सांगायचे तर त्यात वांग्यांचा वाटा मोठा आहे.

साहेब मूळचे भंडारा जिल्ह्यातले. इतकी वर्षे उत्तरेत काढूनही त्यांच्या बोलण्यातला ‘का’साठीचा एक शब्द काही सुटला नाही: "काहून?" काम बिघडले, की कुणाच्या हातून बिघडले हे ते विचारत, पण तिथे न थांबता लगेच विचारत, "काहून?" तळावरचे गोरखपूरचे, गढवालचे, मद्रासचे जवान हा शब्द शिकले होते. अहवाल घेऊन साहेबांकडे निघालेल्या माणसाला दुसरा हटकून म्हणे, "रुक जा भाई, पहले काहून तो भर ले." मराठीच्या प्रसारासाठी लखनौच्या आपल्या मराठी मंडळाने इतकी वर्षे खटपट केली, पण बख्शी का तालाबच्या जवानांना मराठी शब्द शिकवण्याचे श्रेय मात्र एकट्या साहेबांचे, हे या निमित्ताने नोंदवून ठेवते.

त्यांच्या घरच्या आपुलकीबद्दल लिहायचे तर मला हातचे काही राखता येणार नाही. लखनौतल्या महानगर नावाच्या वस्तीत मी खोली शोधत होते. एकट्या मुलीला जागा द्यायला कुणी तयार नव्हते. कपूरथला बाजाराजवळच्या एका घरमालकाने तर दारातच विचारले, "अकेली रहेंगी? और आप लोग होते कौन हैं?" दुसऱ्या दिवशी साहेब गणवेशातच माझ्याबरोबर आले आणि म्हणाले, "ये मेरी भतीजी है. हम भंडारा के हैं, ये सोलापुर की. रिश्ता हमने कल ही तय किया है." घरमालक आधी बुचकळ्यात पडला, मग हसला आणि त्याने किल्ली दिली. त्या दिवसापासून ऑफिसात मी शिंदे मॅडम आणि घरी बेटा झाले. साहेबांच्या पत्नी शालिनीकाकू दर रविवारी जेवायला बोलवत. त्यांची मुलगी माझ्या मराठी प्रश्नांना हिंदीतून उत्तरे देई आणि काकू मराठीतून तिला रागावत. सोलापूरची आठवण आली, की मी तिथे जाऊन बसत असे.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘साहेबांचे कार्य’ असा विषय दिला आहे. ते सगळे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि साहेबांना ते आवडणारही नाही. साठीशांत करायची का, असे मंडळात कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "शांतीच करायची तर त्या शेजारच्या जनरेटरची करा. आपण बुद्धवंदना घेऊ, खीर खाऊ अन् घरी जाऊ." म्हणून मी साहेबांच्या हातून झालेल्या एकाच चौकशीबद्दल लिहिते. त्या चौकशीत मी होते.

खाजगी विमान कंपन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्यांतल्या एका लहान कंपनीचे दोन इंजिनांचे प्रवासी विमान लखनौहून उडाले आणि थोड्याच वेळात बख्शी का तालाबच्या पलीकडे शेतात कोसळले. दिवस उन्हाळ्याचे, शेत पिपरमिंटचे. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळीकडे पुदिन्याचा आणि केरोसीनचा एकत्र वास भरला होता. मला आजही पुदिन्याची चटणी चालत नाही. प्रवासी जखमी झाले, पण वाचले. शेजारच्या खुर्चीत बसलेला तरुण सहवैमानिक मात्र गेला. मुख्य वैमानिक कॅप्टन माथुर पाय मोडून रुग्णालयात होते.

चौकशी समिती नेमली गेली. साहेब नुकतेच निवृत्त झाले होते. इंजिनांचे जाणकार म्हणून त्यांना घेतले आणि मोडलेले भाग तपासायला मला. काय घडले ते पहिल्याच आठवड्यात कळले. डाव्या इंजिनातले एक पाते जुन्या भेगेपाशी तुटले होते. इंजिन एकदम बंद न पडता धडधडत, गचके देत राहिले. कॅप्टन माथुरांनी दांडा ओढून इंजिन बंद केले. पण बंद केले ते उजवे, चांगले इंजिन. मग विमान बिघडलेल्या इंजिनावर किती वेळ तग धरणार?

अध्यक्ष जुन्या वळणाचे आणि घाईचे गृहस्थ होते. त्यांनी मसुद्यात एक ओळ घातली: वैमानिकाची अक्षम्य चूक. कंपनीला ती ओळ फार आवडली. ज्यांनी ते इंजिन तपासून पास केले होते, त्यांनाही आवडली. कॅप्टन माथुरांसाठी मात्र त्या एका शब्दाचा अर्थ असा होता, की ते पुन्हा कधी विमान चालवू शकणार नव्हते आणि त्या तरुणाच्या मृत्यूचे सगळे ओझे जन्मभर एकट्याने वाहणार होते.

ते कुबड्या घेऊन जबानीला आले, तो दिवस मला आठवतो. पन्नाशीकडे झुकलेले, नीटनेटके, अदबीने बोलणारे लखनवी गृहस्थ. बसण्याआधीच म्हणाले, "ग़लती हमसे हुई है. आप लिख दीजिए और हमें छुट्टी दीजिए."

"वो तो हम लिखेंगे," साहेब म्हणाले. "लेकिन काहून?"

माथुरांना शब्द कळला नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "जी, क्या फ़रमा रहे हैं?" मी म्हटले, "पूछ रहे हैं, क्यों हुई." ते म्हणाले, "यही तो हमें भी नहीं मालूम. हमने सुई देखी थी, साहब. हमें दाहिनी दिखी थी."

अध्यक्षांनी डोळे मिटून मान हलवली. साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले.

त्या काळात साहेबांचा कडकपणा मला खुपत असे. चौकशी चालू असेपर्यंत जबानीबाहेर ते माथुरांशी एक शब्द बोलले नाहीत. दोघांची घरे महानगरातच, एका हाकेच्या अंतरावर. एकदा कपूरथला बाजारात माथुर कुबड्यांवर समोरून येताना दिसले. साहेब माझ्यासमोर रस्ता ओलांडून पलीकडच्या भाजीवाल्याकडे गेले आणि नको असलेला दुधी घेऊन आले. मी म्हटले, "सर, नमस्कार तरी करायचा." ते म्हणाले, "आज नमस्कार केला तर उद्या माझ्या लिहिण्याला किंमत राहत नाही बेटा. नुकसान त्यांचंच." काकूंनी त्या दुधीचे काय केले ते विचारू नये.

साहेबांची कामाची एक रीत होती. हवाई दलात असल्यापासून ती पाळत आले होते: ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय चुकीबद्दल ओळ लिहायची नाही. मेकॅनिक चुकला तर त्याच्यासारखे इंजिनाखाली उताणे पडायचे. ट्रक आदळला तर ड्रायव्हरच्या जागी बसायचे. तळावर याची चेष्टा होई. आता त्यांनी समितीला कंपनीच्या हँगरमध्ये नेले.

कंपनीची विमाने दोन ठिकाणांहून जुनी म्हणून विकत घेतलेली होती. बाहेरून सगळी सारखीच. पण आत, वैमानिकासमोरच्या फळीवर, काट्यांची मांडणी दोन तऱ्हांची होती. पहिल्या तऱ्हेत डाव्या इंजिनाचे सगळे काटे डावीकडे उभ्या ओळीत आणि उजव्याचे उजवीकडे. दुसऱ्या तऱ्हेत काटे आडव्या ओळींत होते: वरची ओळ डाव्या इंजिनाची, खालची उजव्याची. माथुरांची बहुतेक उड्डाणे पहिल्या तऱ्हेच्या विमानांवर झाली होती. कोसळले ते दुसऱ्या तऱ्हेचे. त्या दिवशी थरथरणारा काटा वरच्या ओळीत, पण उजव्या टोकाला होता. साहेबांचा तर्क असा, की डोळ्यांनी सवयीप्रमाणे उजवी बाजू पाहिली आणि हात उजव्या दांड्याकडे गेला.

"तर्क है," अध्यक्ष म्हणाले. "तजुर्बेकार पायलट ऐसे थोड़े ही बहक जाता है."

"तो बैठके देखते हैं," साहेब म्हणाले.

दोन्ही तऱ्हांची विमाने हँगरमध्ये शेजारी उभी केली. फळीमागे एका मेकॅनिकला बसवले. त्याने मनाला येईल त्या इंजिनाचा काटा तारेने हलवायचा. सकाळभर पहिल्या विमानात सराव करायचा, म्हणजे हाताला वळण पडेल, आणि जेवणानंतर दुसऱ्यात बसायचे. इंजिनाचा गोंगाट हवा म्हणून माझ्या हाती हातोडा देऊन मला पत्र्याच्या पिंपापाशी उभे केले. धातुशास्त्राच्या पदवीचा असा उपयोग होईल, हे आमच्या कॉलेजने सांगितले नव्हते. बाहेर उन्हाळी वाऱ्याची भाजणारी लू वाहत होती आणि आत पत्रे तापून निघाले होते. मी सगळ्या ताकदीने पिंप बडवत होते.

अध्यक्षांचे गुडघे नेमके त्या दिवशी दुखू लागले, त्यामुळे ते खाली खुर्ची टाकून बसले. साहेब सर्वांत आधी चढले. सकाळी पहिल्या विमानात त्यांचा हात एकदाही चुकला नाही. दुपारी ते दुसऱ्या विमानात बसले. मांडणी कशी आहे हे त्यांना पाठ होते. ती शोधून काढली होती त्यांनीच. मी पिंप बडवायला लागले. मेकॅनिकने काटा हलवला. साहेबांचा हात उचलला गेला आणि त्यांनी दांडा ओढला.

मेकॅनिक फळीमागून हळूच म्हणाला, "साहब... दूसरा था."

मी हातोडा खाली ठेवला. साहेब आपल्या हाताकडे पाहत बसले होते. आयुष्यभर इंजिनांत वावरलेला माणूस, स्वतः रचलेल्या परीक्षेत, जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात चुकला होता. समितीतल्या आणखी दोघांनी नंतर प्रयत्न केला; एकाचे बरोबर आले, एकाचे चुकले. पण त्यांच्याकडे माझे लक्ष नव्हते.

साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "शिंदे मॅडम, लिहा. विंग कमांडर गजभिये यांनी चुकीचे इंजिन बंद केले."

अध्यक्षांना पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली असावी. त्यांनी साहेबांना बाजूला घेतले, पण आवाज दबका नव्हता. "गजभिये साहब, ये तो खेल था. काग़ज़ पर अपना नाम क्यों ख़राब करते हैं? लिख दीजिए, एक सदस्य से चूक हुई. कल को लोग कहेंगे, इन्हीं का हाथ ठिकाने नहीं और ये जाँच करने चले हैं."

"कहेंगे," साहेब म्हणाले. "नाम लिखा जाएगा."

त्या संध्याकाळी परतताना जीपमध्ये मी त्यांना विचारले, की नावाशिवाय भागले नसते का. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "आमच्या गावात काही चोरीला गेलं, की झडती आमच्या वस्तीपासून सुरू व्हायची. चोर आधी ठरे, चोरी मागून शोधत. माझ्या बापाला चार लोकांत उभं केलेलं मी पाहिलं आहे. नंतर वस्तू सापडायची पाटलाच्याच घरी. पण ‘आम्ही चुकलो’ असं नाव सांगून कोणी म्हटलं नाही." साहेबांनी आपल्या बालपणाबद्दल माझ्याशी काढलेला तेवढाच विषय.

इथे एक गैरसमज व्हायला नको. साहेबांनी कॅप्टन माथुरांना दोषमुक्त केले, असे मंडळात काही जण कौतुकाने सांगतात. तसे झाले नाही. इंजिन बंद करण्यापूर्वी दुसऱ्या वैमानिकाकडून खात्री करून घ्यायची, असा नियम आहे. माथुर त्याच्यासाठी थांबले नव्हते. साहेबांनी ते स्वच्छ लिहिले. पात्यातली भेग तपासणीत कुणाच्या नजरेतून सुटली, तेही लिहिले. काट्यांच्या दोन मांडण्या एकाच वैमानिकापुढे ठेवणाऱ्या कंपनीबद्दल लिहिले. आणि हँगरमधल्या चाचणीत स्वतःचा हात कसा चुकला, हे नावासकट लिहिले. ‘अक्षम्य’ हा शब्द गेला. अध्यक्षांनी कुरकुरत सही केली. कंपनीला सगळ्या विमानांची मांडणी सारखी करावी लागली. माथुरांचा परवाना काही काळ काढून घेतला गेला, त्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले आणि मग तो परत मिळाला.

अध्यक्षांचे भाकीतही खरे ठरले. पुढची दोन-तीन वर्षे साहेबांना कुठल्याही चौकशीवर बोलावणे आले नाही. "जिनका अपना हाथ चूकता है," असे दिल्लीत म्हटले जाई. ते आमच्यापर्यंत पोहोचत असे. साहेबांना त्याचे वाईट वाटत नव्हते असे मी म्हणणार नाही. ते काम त्यांना मनापासून आवडत होते. त्या दिवसांत त्यांना महानगरच्या घराच्या गच्चीवर शेजाऱ्यांचे कूलर दुरुस्त करत बसलेले मी पाहिले आहे, आणि मला दिल्लीतल्या त्या लोकांचा फार राग आलेला आहे. पुढे बोलावणी पुन्हा सुरू झाली, कारण ‘काहून’चे उत्तर शोधणारी माणसे दिल्लीतही फार नव्हती.

अहवालावर सह्या झाल्या त्याच दिवशी मात्र साहेबांनी काकूंना डबा भरायला सांगितला आणि मला बरोबर घेऊन ते माथुरांच्या घरी गेले. इतके दिवस ओलांडलेला रस्ता ते पहिल्यांदा सरळ चालून गेले. माथुरांनीच दार उघडले. कुबडी एकच उरली होती. निकाल त्यांना कळला होता. त्यांनी आम्हाला बसवले, पाणी आणवले आणि बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या, कारण लखनौत मुद्द्यावर एकदम येणे असभ्य समजतात. शेवटी त्यांनी विचारलेच.

"गजभिये साहब, एक बात पूछें? बुरा मत मानिएगा. ग़लती हमारी थी, आपने लिखी, ठीक लिखी. पर आपने अपना नाम क्यों लिखवाया? आप तो चुप भी रह सकते थे."

साहेब डब्याच्या कड्या उघडत होते. वर न पाहताच म्हणाले, "फिर आप उस कॉकपिट में अकेले रह जाते."

माथुरांनी तोंडावर हात घेतला. ते रडत होते. इतक्या महिन्यांत, जबानीत, रुग्णालयात, त्यांना रडताना कुणी पाहिले नव्हते. साहेबांनी घाई केली नाही. थोड्या वेळाने त्यांनी ताटात पोळ्या आणि भरली वांगी वाढली, आणि आम्ही तिघे जेवलो.

आज कॅप्टन माथुर नव्या वैमानिकांना शिकवतात. या गौरव समितीत एक अमराठी सदस्य आहेत, ते हेच. वर्गात कुणाचे उत्तर चुकले, की ते मुलाला खाली बसवत नाहीत, स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसतात आणि विचारतात, "अच्छा बेटा, काहून?"

साहेबांना आता साठ वर्षे पूर्ण झाली. काकूंच्या तक्रारीनुसार ते गोळ्या वेळेवर घेत नाहीत; त्या त्यांनी घ्याव्यात. त्यांची नजर अशीच बारीक राहो, हाताला कंप न येवो, काकूंची आणि त्यांची जोडी आम्हाला पुढची पुष्कळ वर्षे रविवारी जेवायला बोलावत राहो. आणि सर्वांत जास्त, त्यांचे गुडघे शाबूत राहोत. वैमानिकाच्या त्या अरुंद खुर्चीत चढणे सोपे नाही, आणि तिथे कुणी ना कुणी एकटे बसलेले असतेच.